जावईबापू

देवरुखला मावशीच्या घरी माजघरातल्या कोनाड्यात एक पांढरा डबा असतो. मसाल्याच्या डब्याहून लहान, झाकण घट्ट. त्याच्यावर काही ठेवायचं नाही, तो जागचा हलवायचा नाही, आणि पावसाळ्यात कुणी चुकून उघडा टाकला तर मावशी त्या माणसाशी दुपारपर्यंत बोलत नाही. आत सिलिकाच्या निळ्या दाण्यांची पुडी असते, आणि रात्री साडेदहापासून सकाळी सहापर्यंत जावईबापू असतात. सहाला ते उठतात आणि उठल्या उठल्या मावशीच्या डोक्यावर बसतात. यात अलंकार काही नाही, ते खरंच डोक्यावर बसतात.

मावशीला मुलगी नाही. एकच मुलगा, तो पुण्याला. एकसष्टाव्या वर्षी कानामागे चीर देऊन हे यंत्र बसवून घेतलं, प्रॉव्हिडंट फंडातले लाखो रुपये त्यात गेले, आणि घरी आल्यावर त्याची उठबस सुरू झाली तेव्हा तीच म्हणाली, "मुलगी नाही म्हणून जावयाची हौस राहिली होती, ती अशी फिटायची होती. हुंडा घेतला, मान घेतला, आता रुसायचा तेवढा राहिलाय." तो आठवड्याच्या आत रुसला. तेव्हापासून त्याला अहोजाहो.

दिसायला जावईबापू यथातथाच. दोन काजू एकाला एक जोडावेत एवढा राखाडी तुकडा कानामागे अडकतो. त्यातून एक बारीक वायर निघते आणि तिच्या टोकाला दोन रुपयांच्या नाण्याएवढी चकती. चकतीत चुंबक. कातडीखाली, हाडाला केलेल्या खोबणीत, दुसरा चुंबक बसवलेला आहे. त्याच्या ओढीने चकती केसांतून बरोबर जागेवर जाऊन टपकन बसते. बाहेरच्यात माइक आहे, आवाजाचा हिशेब मांडणारा संगणक आहे, बॅटरी आहे. आतल्यात यातलं काही नाही. त्याला स्वतःची बॅटरीसुद्धा नाही. खायचं ते बाहेरच्याच्या हातून, कातडीतून पार होणाऱ्या लहरींवर. त्याच्यापासून एक तंतू निघतो, केसाहून जाड आणि शेवयीहून बारीक, तो आतल्या कानाच्या शंखात शिरून वळणावळणाने आत जातो. तंतूवर प्लॅटिनमचे बावीस ठिपके आहेत. मावशीचं सगळं ऐकणं त्या बावीस ठिपक्यांवर चालतं.

चुंबकामुळे सुरुवातीला गमती झाल्या. मावशीचा अंबाडा अजून मोठा आहे आणि त्याला लोखंडी आकडे लागतात. चकती बसवायला गेलं की दोन आकडे उडी मारून तिला चिकटायचे आणि जावईबापू जागेवर न बसता मुंडावळ्या बांधल्यासारखे लोंबायचे. एकदा ते हरवले. घरभर शोध झाला, मोरीत पाहिलं, अंथरुणं झाडली. शेवटी सापडले ते लोखंडी कपाटाच्या दाराला चिकटलेले. मावशी पदर सारखा करताना तिथे टेकली होती. मावशीने तेवढंच म्हटलं, "बघ, तिजोरीपाशीच गेले."

आता हे यंत्र घरात येण्याचं कारण. ते माहेरून आलेलं आहे.

माझी आजी बहिरी होती. तिची आईही उतारवयात बहिरी होती म्हणतात. घरात याचं कारण ठरलेलं होतं: बाळंतपणात कानात वारं गेलं. म्हणून आमच्या घरच्या बाळंतिणींचे कान इतर घरांपेक्षा जास्त कसून बांधले जायचे, दोन दोन बोळे कापसाचे आणि वर लोकरीचा रुमाल, मे महिना असला तरी. तरी पस्तिशी-चाळिशीच्या सुमाराला बाईला घंटा ऐकू येईनाशी व्हायची, मग पोरांचे आवाज, मग सगळंच. वारं गेल्याचा सिद्धान्त त्यामुळे कधी खोटा पडला नाही. बाया बहिऱ्या व्हायच्या आणि बाया बाळंतही झालेल्या असायच्या. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मामालाही पन्नाशीत कमी ऐकू यायला लागलं, पण पुरुषाचं काय, तो मुद्दाम ऐकत नसेल असं म्हणून ते सोडून दिलं गेलं.

मावशीचं सदतिसाव्या वर्षी सुरू झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती मराठी शिकवायची, शुद्धलेखन हा तिचा जीव की प्राण. आधी 'स' आणि 'श' गेले. मग मागच्या बाकांवरची मुलं गेली. चाळिशीत मधुमेह निघाला. शरीर काटकुळं, घरात कुणी जाड नाही, तरी मधुमेह. कानाला मशीन लावलं, ते आवाज मोठा करायचं आणि शब्द तसाच चिखलात ठेवायचं. निवृत्तीपर्यंतची शेवटची दहा वर्षं ती पोरांचे ओठ वाचून शिकवत होती आणि फार थोड्यांना हे कळलं.

मधुमेहाच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता एक प्रश्न विचारला, जो आधीच्या कुणी विचारला नव्हता: "आईला ऐकू कमी यायचं का? आणि आजीला?" प्रश्न लिहून द्यावा लागला, उत्तर लगेच आलं. मग लघवीचा नमुना तपासणीला गेला. हे मला विचित्र वाटलं होतं, जनुकाची तपासणी म्हणजे रक्त असं डोक्यात होतं. पण ही जी खोड आहे तिचं रक्तातलं प्रमाण वयाबरोबर घटत जातं, लघवीतून येणाऱ्या पेशींत ती नीट पकडता येते.

खोड अशी. पेशीत तंतुकणिका असतात. शाळेच्या पुस्तकात पेशीचं ऊर्जाघर म्हणून त्यांचं चित्र असतं, आडव्या वांग्याला पोटातून घड्या घातल्यासारखं. फार फार पूर्वी, दीड-दोन अब्ज वर्षांमागे, हे स्वतंत्र जिवाणू होते. एक दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहिला. पहिला घरजावई म्हणावा तर हा. घरजावयासारखीच त्याने आपली वेगळी खातेवही राखून ठेवली. पेशीच्या मुख्य दप्तराशी संबंध नसलेलं त्याचं स्वतःचं डीएनए, 16,569 अक्षरांचं आणि 37 जनुकांचं, 1981 साली केंब्रिजमध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचलं गेलं. त्यातल्या 3243 व्या जागी 'ए'ऐवजी 'जी' आलं तर काय होतं हे आधी 1990 मध्ये जपानी संशोधकांनी एका गंभीर मेंदूविकारात दाखवलं. पुढे 1992 मध्ये हॉलंडच्या एका कुटुंबात नेमकी हीच चूक निघाली, आणि त्या घरात आईकडून लेकरांकडे दोनच गोष्टी चालत आल्या होत्या: मधुमेह आणि बहिरेपण. आमच्यासारख्याच. मावशीला हे सगळं लिहून दाखवलं तेव्हा तिने चष्मा वर केला. "16,569 अक्षरांत एक चूक? मी पैकीच्या पैकी दिले असते."

ही चूक सगळ्या तंतुकणिकांत नसते. चांगल्या आणि वाईट मिसळलेल्या असतात, तांदळात खडे असतात तशा, आणि आई प्रत्येक लेकराला त्यातली एक मूठ देते. मुठीत किती खडे आले ते नशीब. मावशीच्या मुठीत बरेच आले, माझ्या आईच्या मुठीत थोडे. तिला पासष्टीत थोडं मोठ्याने बोलावं लागतं इतकंच. ज्या अवयवाला वीज जास्त लागते तिथे खडे आधी दाताखाली येतात. स्वादुपिंड, स्नायू, डोळ्याचा पडदा, आणि कान.

कानाला इतकी वीज कशाला लागते, हे मला जावईबापूंच्या निमित्ताने समजलं. शंखाच्या एका भिंतीवर ऊतीची एक पट्टी आहे, तिचं काम आतल्या पाण्यात सुमारे 80 मिलिव्होल्टचा दाब रात्रंदिवस धरून ठेवणं. त्या दाबावर केसपेशी काम करतात: बाहेरच्या तीन रांगांत मिळून 12,000 च्या आसपास, आतल्या एका रांगेत 3,500. गिरणगावात वाढलेल्या माझ्या सासऱ्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे गिरणीच की." गिरणीच. आणि ती संपाने बंद पडली नाही, वीज पुरेना म्हणून एकेक खातं थंड होत गेलं. बारीक आवाजांचं खातं आधी. पण गिरणीपासून हेड ऑफिसला जाणाऱ्या तारा, म्हणजे ऐकण्याच्या नसेतले ते 30,000 तंतू, या आजारात बहुतेक वेळा शाबूत राहतात. तिकडचे कारकून मस्टरवर सही करून बसलेले, फाइल मात्र येत नाही. साधं कानाचं मशीन म्हणजे बंद गिरणीच्या दारात उभं राहून भोंगा वाजवणं. जावईबापू दारात थांबतच नाहीत. ते गिरणी टाळून सरळ तारेला हात घालतात. या आजाराच्या माणसांना ते लागू पडतात ते याचमुळे. बिघाड जिथे आहे तिथे त्यांचं काही कामच नाही.

अर्थात साडेतीन हजार कायम कामगारांच्या जागी बावीस कंत्राटी माणसं, हेही विसरून चालत नाही.

जावई करायचा तर घराणं पाहतात. मावशीनेही पाहिलं, ऑपरेशनच्या आधी, माझ्याकडून सगळं लिहून घेऊन. मूळपुरुष आलेस्सांद्रो व्होल्टा. त्याने वीजघट शोधला आणि त्याच्या तारा स्वतःच्या दोन्ही कानांत घालून पाहिल्या. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी दाट शिजत असल्यासारखा, रटरटल्यासारखा आवाज आला, असं त्याने 1800 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. "पिठलं," मावशी म्हणाली. पुन्हा हा प्रयोग करण्याची त्याला इच्छा झाली नाही. नंतरची दीडशे वर्षं घराण्यात सांगण्यासारखं फारसं नाही. 1957 मध्ये पॅरिसला आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या नसेला तार जोडली, त्याला रातकिडे ओरडल्यासारखं ऐकू आलं. 1961 मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस. व्हिएन्नाला इंगेबोर्ग होखमायर आणि त्यांचे पती. आणि मेलबर्नला ग्रॅम क्लार्क, मावशीचा सगळ्यात आवडता, कारण त्याचे वडील औषधविक्रेते होते आणि बहिरे होते, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आपलं दुखणं सगळ्यांदेखत मोठ्याने सांगावं लागायचं. ते पाहत तो मोठा झाला.

क्लार्कची अडचण होती तंतू आत सरकवण्याची. शंख अडीच वळणांचा, उलगडला तर साडेतीन सेंटिमीटर, आणि आत काही दुखवायचं नाही. 1977 मध्ये सुट्टीवर असताना समुद्रकिनाऱ्यावर बसून त्याने एका शंखात गवताची पाती घालून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पाती अडखळत नाही, वळत वळत जाते. 1 ऑगस्ट 1978 ला त्याने पहिलं ऑपरेशन केलं. हे वाचल्यावर मी आणि मावशी गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा करून पाहिलं. नारळाच्या झावळीचा हीर घुसलाच नाही. दर्भाची काडी दीड वळण गेली. मावशीने शंख कानाशी धरला, काही ऐकू आलं नाही म्हणून हसली आणि पिशवीत टाकला. तो अजून डब्याशेजारी आहे.

घराण्याचं ठीक होतं. खर्चाचं बघायला गेलो तर सरकारी मदत लहान मुलांसाठी. केंद्राची योजना आहे, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था तिचं काम पाहते. ते योग्यच आहे. बोलणं शिकायचं वय टळण्याआधी ऐकू येणं यासारखं दुसरं काही नाही. एकसष्ट वर्षांच्या निवृत्त बाईंनी फंडात हात घालावा.

ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सर्जनपेक्षा जास्त प्रश्न विचारले. अशा रोग्याला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही, लॅक्टेटचं सलाइन टाळायचं. मधुमेहाची ती सगळ्यांना देतात ती मेटफॉर्मिन आधीच बंद केलेली होती, शरीरात लॅक्टिक आम्ल साठू नये म्हणून. दोन-अडीच तासांत झालं. मग तीन आठवडे जखम भरेपर्यंत थांबायचं, आणि मग पहिली भेट. तिला तिथे 'स्विच ऑन' म्हणतात.

व्हिडिओत दाखवतात तसं काही झालं नाही. रडणं नाही, गळ्यात पडणं नाही. ऑडिओलॉजिस्ट मुलगी संगणकाशी बसली आणि बावीस ठिपक्यांपैकी एकेकाला विजेचा बारीक टोला देत गेली. ऐकू आलं की हात वर करायचा, सोसेनासं झालं की खाली. मावशीने इतक्या शिस्तीत हात वर केले की मला वर्गात बसल्यासारखं वाटलं. तासाभराने सगळे ठिपके एकदम चालू केले आणि ती मुलगी म्हणाली, "आजी, माझा आवाज येतोय का?"

मावशी थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे मराठी आहे का?"

पत्र्याच्या डब्यात कावळा कोंडलाय आणि तो शब्द बोलायचा प्रयत्न करतोय, असं तिने नंतर वर्णन केलं. मी बोलले तोही कावळा. स्वतः बोलली तोही कावळा. कागद फाटला तर वीज पडली. घरी आल्यावर पहिल्या रात्री ती दचकून उठून बसली नाही, कारण जावईबापू डब्यात होते. पण सकाळी सहाला ते डोक्यावर बसले आणि तिने विचारलं, हा पापड कोण तळतंय? पत्र्याच्या पडवीवर पाऊस पडत होता.

मेंदूला वेळ लागतो. त्या कारकुनांना वीस वर्षांनी फाइल आली आणि तीही अनोळखी अक्षरात. म्हणून अभ्यास. रोज अर्धा तास समोर बसून, तोंडावर हात धरून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत असा, शब्द वाचायचे आणि तिने ते परत म्हणायचे. जिने तीस वर्षं दुसऱ्यांना शुद्धलेखन घातलं तिला मी शुद्धलेखन घालू लागले. मन, मण. वेल, वेळ. पाल, पाळ. ऑडिओलॉजिस्टने दिलेली यादी मावशीने दोन दिवसांत मोडीत काढली आणि स्वतःची केली, तीत मी पहिलीत जिथे चुकत होते ते सगळे शब्द होते. 'स' आणि 'श' महिन्याभरात परत आले. ती त्यांना माहेरपणाला आलेल्या मुलींसारखी कौतुकाने म्हणून दाखवायची. 'ळ' दुसऱ्या महिन्यात. 'सात' आणि 'साठ' काही केल्या वेगळे होईनात, आणि बाजारात तेवढेच नेमके लागतात.

एकदा मी हाताआडून नुसतं 'जरा' म्हटलं. तिने विचारलं, "जरासा मधला, की जरा म्हणजे म्हातारपण?" लिहिताना दोन्ही 'ज' सारखे, जीभ मात्र वेगळ्या जागी लागते. मी कुठला म्हटला ते मलाच आठवेना. "पुन्हा म्हण. ढिसाळ उच्चार जावयाच्या माथी मारू नकोस."

जावईबापूंचा स्वभाव हळूहळू कळत गेला. गर्दीत त्यांचं चालत नाही. समोर एक माणूस, मागे शांतता, असं असलं तर ते अक्षर न् अक्षर पोचवतात. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र त्यांना सगळे सारखे. शेजारची विहीण आणि कोपऱ्यातला पंखा यात ते भेद करत नाहीत. गाण्याचं अंग नाही. मावशी पूर्वी रेडिओवर नाट्यसंगीत लागलं की भाजी चिरायची थांबायची. आता तिला लय येते, सूर येत नाही. भजनात मृदंग कळतो, पेटी कळत नाही. पेटी म्हणजे बरणीत खिळे हलवल्यासारखं. बावीस माणसांना ताल धरता येतो, गळ्यातली मींड उचलायला ती पुरत नाहीत. ही एक गोष्ट तिने जावयाला माफ केलेली नाही. गणपतीत आरतीच्या झांजा सुरू झाल्या की ती चकती काढते, ओच्यात खोचते आणि टाळ्या वाजवत उभी राहते. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असतं त्यावरून मला शंका आहे की जुनी आरती, तिच्या आईच्या आवाजातली, तिला त्या शांततेत नीट ऐकू येत असावी.

चकती काढण्याचे इतरही उपयोग आहेत. तिची जाऊ आली आणि सुनेच्या तक्रारी सुरू झाल्या की मावशी पंधराव्या मिनिटाला म्हणते, "जावईबापूंना जरा पडू दे, दमलेत." आणि मग शांतपणे गवार निवडते. ही सोय आम्हा ऐकणाऱ्यांना नाही.

खरी कटकट खाण्यापिण्याची. दमट हवा त्यांना सोसत नाही, आणि कोकणात पावसाळ्यात दमट नसलेली हवा कुठून आणायची? पुडीतले निळे दाणे आठवड्याभरात गुलाबी पडतात. मग ते तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होईपर्यंत. शेजारणीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं साबुदाणा. बॅटरीचं आणखी वेगळं. शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या, पाठीला बारीक भोकं, त्यावर कागदी चिकटपट्टी. पट्टी काढली की लगेच बसवायची नाही. मिनिटभर उघडी ठेवायची, तिला हवा घेऊ द्यायची. आतलं जस्त हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यावर वीज तयार होते. मावशी पट्टी काढून चकती तळहातावर ठेवते आणि घड्याळाकडे पाहत बसते. अधिकमासात जावयाला जाळीदार वाण द्यायचं असतं, अनारसे, बत्तासे, भोकं असलेलं काहीतरी; "याला बाराही महिने धोंड्याचा," असं पुटपुटते.

त्या एका मिनिटात मला नेहमी तेच सुचतं. हवेतला प्राणवायू घेऊन वीज करणं, एवढंच तर तंतुकणिकेचं काम. आमच्या घरातल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या जे धड साधलं नाही, ते ही दीड आण्याची दिसणारी चकती मावशीच्या तळहातावर निवांत पडून करत असते.

मावशीच्या सासरचा कुलवृत्तांत छापलेला आहे. जाड पुस्तक, लाल कापडी बांधणी, मूळपुरुषापासून आजतागायत. त्यात मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुलींची नावं असली तर एका ओळीत, पुढे 'अमुकांस दिली'. माहेरच्या पुस्तकातही तेच. मी एकदा आईच्या आईच्या आईचं नाव त्यात शोधलं, सापडलं नाही. त्या 3243 व्या अक्षराचं पुस्तक नेमकं उलटं आहे. त्यात फक्त बायका. मामाच्या मुठीत खडे आले, पण त्याच्या मुलांना ते गेले नाहीत. पुरुषाशी ती शाखा संपते, वंश खुंटला म्हणावं तशी. मावशीचा मुलगा, तिथेही संपली. आजी, मावशी, आई, मी. मला दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीत वरच्या पट्टीतले आवाज थोडे कमी आले, कागदावर रेघ शेवटी जिन्यासारखी उतरते. माझी मुलगी नववीत आहे. तिची तपासणी कधी करायची, करायची का, यावर माझं आणि नवऱ्याचं बोलणं सुरू होतं आणि कुकरची शिट्टी झाली की थांबतं. मावशीने यावर मत दिलेलं नाही. फक्त गेल्या दिवाळीत जावईबापूंना डब्यात ठेवताना नातीला जवळ बोलावून पट्टी कशी काढायची ते दाखवत होती.

या जुलैत मी गेले होते. संध्याकाळी धो धो पाऊस आणि साडेसातला लाइट गेली. देवरुखला हे नवं नाही. पूर्वी अशी लाइट गेली की मावशी बोलायची थांबायची. ओठ दिसत नाहीत म्हणजे माणूसच नाही. मेणबत्ती लागेपर्यंत ती जिथे असेल तिथे भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि आम्ही मुलं त्या काळोखात एकमेकांशी बोलत असायचो, ती तिथेच आहे हे विसरून.

"मेणबत्ती नको शोधूस," ती या वेळी म्हणाली. "बस. शब्द घाल. आता तोंडावर हातही नको धरायला."

मी घातले. नदी. फणस. पाळणा. ती एकेक परत देत गेली, पाऊस पत्र्यावर वाजत असूनही. गवत. विहीण. अडकित्ता. मग मधेच ती गप्प झाली. "वाजले," म्हणाली. बॅटरी संपत आल्याची टिकटिक फक्त तिलाच ऐकू येते. तिने चाचपडत डबा काढला, कानामागचा तुकडा उतरवला, पट्टी नखाने सोलल्याचा आवाज मला आला आणि तिला आला नाही. आता तिला ना दिसत होतं ना ऐकू येत होतं. घड्याळही दिसत नव्हतं. तिने माझा हात शोधून त्यात आपला रिकामा तळहात ठेवला. मी बोटाने त्यावर टिचक्या मारत मोजायला लागले, सावकाश, सेकंदाला एक. तिच्या दुसऱ्या हातात चकत्या हवा घेत होत्या.

झाल्यावर मी तळहात दाबला. तिने चकत्या बसवल्या, तुकडा कानामागे अडकवला, आणि काळोखात ते टपकन बसल्याचं मला ऐकू आलं.

"किती मोजलेस?"

"साठ."

"सात?" मावशी म्हणाली. चेष्टा करत होती की खरंच, तेवढ्या काळोखात कळलं नाही.